इलेक्ट्रिक गाडीच्या दाराची काच खाली पडली : विंडो मशीन बदलण्याआधी आणि बदलताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : सव्वातीन वर्षं झालेली इलेक्ट्रिक गाडी. वर्धा रोडवर चहासाठी थांबलात, ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली केली, दारातून ‘कडाक्’ आवाज आला. तेव्हापासून बटण दाबलं की आत घरघर होते, पण काच वर येत नाही. वर्कशॉपने विंडो मशीन, म्हणजे काच वर-खाली करणारी यंत्रणा, मोटरसकट पूर्ण बदलायला सांगितली आणि पार्ट यायला आठ दिवस लागतील म्हटलं. मानेवाड्यातला तुमचा नेहमीचा मेकॅनिक म्हणाला, ‘भाऊ, करंटची गाडी आहे, मी हात नाही लावत.’ पावसाळा तोंडावर आहे. तुमच्याकडे पाने आहेत, हात चालतो, रविवार मोकळा आहे. घरी करावं का?

मी नागपुरात २२ वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय आणि गेली चार-पाच वर्षं इलेक्ट्रिक गाड्याही नेहमी येतात. माझं उत्तर हो असं आहे. आम्हाला दीड-दोन तास लागतात, पहिल्यांदा करणाऱ्याने अर्धा दिवस हाताशी ठेवावा. फक्त त्याआधी गाडीचं वॉरंटीचं पुस्तक काढून बघा. मूळ वॉरंटी तीन वर्षांची असेल तर ती संपली, पण गाडी घेताना वाढीव वॉरंटी घेतली असेल तर दाराला पाना लावू नका, आठ दिवस थांबा. मोठ्या बॅटरीची आठ वर्षांची वॉरंटी वेगळी असते. ती काचेच्या मशीनला लागू होत नाही, आणि इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो.

आता करंटचं बोलू. गाडी चालवणारी मोठी बॅटरी सीटांच्या खाली, फरशीखाली असते. तिचा दाब बहुतेक गाड्यांत ३०० ते ४०० व्होल्टच्या घरात असतो आणि तो जिवावर बेतू शकतो, यात शंका नाही. म्हणूनच तिच्या वायरींना नारिंगी आवरण असतं. पण या वायरी दारात येत नाहीत. दारातली मोटर, लॉक, स्पीकर, आरसा हे सगळं १२ व्होल्टवर चालतं, पेट्रोल गाडीसारखंच. फरक एवढाच की इथे १२ व्होल्टची छोटी बॅटरी अल्टरनेटरने भरत नाही, डीसी-डीसी कन्व्हर्टर ती मोठ्या बॅटरीतून भरतो. तुमच्या मेकॅनिकने माहीत नसलेल्या कामाला हात लावला नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा आहे. त्याला हे समजावून सांगा, पुढच्या वेळी तो करेल.

मात्र तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिलं, इलेक्ट्रिक गाडी चालू आहे की बंद, हे आवाजावरून कळत नाही. म्हणून चार्जर काढा, गाडी पूर्ण बंद करा आणि चावी घरात नेऊन ठेवा. चावी खिशात असली की तुम्ही दाराजवळ गेल्यावर काही गाड्या पुन्हा जाग्या होतात. दुसरं, १२ व्होल्ट बॅटरीची निगेटिव्ह वायर काढण्याआधी पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, म्हणजे आतले कंट्रोलर झोपतात. काढायचा क्रम तुमच्या गाडीच्या पुस्तकात दिलेला असेल तर तोच पाळा. ही बॅटरी ज्याखाली असेल ते झाकण, बोनेट किंवा मागची डिक्की, काम संपेपर्यंत उघडंच ठेवा, कारण वीज नसताना काही गाड्यांची डिक्की उघडत नाही. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. काही गाड्यांच्या पुढच्या दारात बाजूच्या धडकेचा सेन्सर असतो, तो एअरबॅगला जोडलेला असतो. एअरबॅगच्या वायरींचे कपलर, म्हणजे वायरी जोडायचे प्लास्टिकचे सॉकेट, बहुतेक पिवळे असतात. पिवळ्या कपलरला टेस्ट लॅम्प (करंट येतो का ते बघायचा दिवा) लावायचा नाही, आणि तो सुटलेला असताना गाडी चालू करायची नाही. केली तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो घालवायला स्कॅनर लागतो.

मशीनच गेली आहे हे कशावरून? आवाजावरून. मोटर फिरते आणि काच जागची हलत नाही, म्हणजे मोटर आणि काचेमधलं काहीतरी तुटलं. आजकालच्या दारांत पूर्वीची कात्रीसारखी मशीन फारशी सापडत नाही. मोटर एक छोटी चकरी फिरवते, चकरीवर पोलादी केबल गुंडाळलेली असते, ती केबल पट्टीवरून वर-खाली जाते आणि तिला अडकवलेला प्लास्टिकचा स्लायडर काच धरून ठेवतो. तुमच्या बाबतीत एक तर केबल तुटली किंवा स्लायडर फुटला. ‘कडाक्’ एकदाच आला असेल तर बहुधा स्लायडर. बटण दाबल्यावर आत काहीतरी चुरमडल्यासारखं ऐकू येत असेल तर केबल चकरीत गुंतली.

वाचणाऱ्या इतरांसाठी बाकीची लक्षणंही लिहितो, कारण माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जण चांगली मशीन बदलून बसलेले असतात. आवाजच येत नसेल तर फ्यूज, बटण, आणि दार व खांब यांच्यामधल्या रबरी नळीतल्या वायरी बघा. रोज दार उघडून-मिटून तिथे एखादी वायर आतून तुटते, वरून साबूत दिसते. दार अर्धं उघडून ती नळी हलवत बटण दाबा. मध्येच काच हलली तर दोष सापडला. मागच्या दाराची काच बंद पडली तर आधी ड्रायव्हरजवळचं काचा लॉक करायचं बटण दाबलेलं नाही ना, ते बघा. काच वर जाऊन आपोआप परत खाली येत असेल तर मशीन ठीक आहे, काचेला वाटेत अडथळा वाटतोय. दोन-चारदा वरखाली केल्यावर थांबते आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा चालते, तर मोटर तापून स्वतःला बंद करतेय. चारही काचा मंद झाल्या असतील तर १२ व्होल्टची बॅटरी तपासा. गाडी धावते म्हणजे छोटी बॅटरीही ठणठणीत असणार, असं इलेक्ट्रिक गाडीत धरून चालू नका.

आता ज्यासाठी मी मुळात लिहायला बसलो ते. मशीन कशी बदलायची यापेक्षा तुमची मशीन तीनच वर्षांत का तुटली, हा प्रश्न मोठा आहे. ते न शोधता नवीन बसवली तर तीही तुटेल, हे मी स्वतः भोगलंय.

२०१६ साली सक्करदऱ्याहून एक शिक्षक त्यांची छोटी गाडी घेऊन आले होते. डावीकडची काच पडलेली. मी मशीन बदलली, काच वर-खाली करून दाखवली, ते खूश होऊन गेले. पाच महिन्यांनी तीच काच, तोच आवाज. काकाजी भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘पैसे घे, पण या वेळी टिकू दे.’ मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा काच ज्या रबरी खोबणीतून सरकते ते रन चॅनल पूर्ण उपसून हातात घेतलं. आतली मखमल दिसतच नव्हती. तिच्या जागी राखाडी थर होता, नखाने खरवडला तर पाटीवरच्या पेन्सिलीसारखा करकरला. दोन्ही बाजूंनी तो थर काचेला चिमटीत धरून ठेवत होता आणि मोटर प्रत्येक वेळी तिला ओढून काढत होती. सगळ्यात कमजोर भाग स्लायडर, तो फुटला. मी त्यांच्याकडून मजुरी घेतली नाही. तेव्हापासून माझ्या दुकानात चॅनल साफ केल्याशिवाय एकही मशीन बसत नाही.

आपल्याकडे हे जास्त होतं, त्याला कारणं आहेत. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो आणि उन्हात उभ्या गाडीचं रबर त्याहून कितीतरी जास्त तापतं. वर्षानुवर्षं तापून ते ताठर होतं. त्यात रस्त्यांच्या कामांची सिमेंटची धूळ. कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीज केंद्रांकडून येणाऱ्या गाड्यांच्या चॅनलमध्ये तर मला राखेसारखी अगदी बारीक पूड सापडते. ही धूळ उन्हाळाभर मखमलीत बसते. जूनमध्ये पहिला पाऊस आला की तिचा चिखल होतो, आणि चार दिवस ऊन पडलं की तो चिखल वाळून घट्ट होतो. माझ्याकडे काचेची कामं मृगानंतर एकदम वाढतात, ती यामुळेच.

दारात माणसांनी घातलेल्या वस्तूही तितक्याच त्रास देतात. उन्हासाठी दाराच्या चौकटीवर चढवायच्या जाळ्या, चॅनलमध्ये खोचायचे पावसाचे व्हायझर, काचेवरची कडेने सुटलेली फिल्म, या तिन्हींमुळे काच जड चालते. तुमच्याकडे यातलं काही असेल तर नवीन मशीन येण्याआधी काढा. लहान मुलासाठी जाळी हवीच असेल तर काचेला आतून चिकटणारी घ्या आणि काच खाली करायच्या आधी ती काढायची सवय ठेवा.

तपासायची सोपी रीत आहे. तुमच्या दाराचं पॅड, म्हणजे आतल्या बाजूचं आवरण, निघालं आणि काच स्लायडरपासून मोकळी झाली की ती दोन्ही तळव्यांत धरून हाताने वर-खाली करा. ती थोड्या जोराने, पण एकसारखी सरकली पाहिजे. मध्येच अडली, किंवा एका बाजूने पुढे-मागे कलायला लागली, तर तिथे कारण आहे. चॅनल साफ करायला जुन्या एटीएम कार्डाला सुती कापड गुंडाळा, पाण्यात थोडा शाम्पू घाला आणि कापड काळं येणं थांबेपर्यंत पुसा. वाळू द्या, मग सिलिकॉन स्प्रे मारा. काही गॅरेजमध्ये डिझेल किंवा जुनं ऑइल मारतात. त्याने दोन दिवस काच लोण्यासारखी चालते, मग रबर फुगतं आणि ओलसर मखमल दुप्पट धूळ धरते. कृपा करून ते करू नका आणि करू देऊ नका. ग्रीस फक्त धातूच्या पट्टीला, तेही पांढरं आणि अगदी पातळ.

पार्ट घेताना मोटरसकट घ्यायची की नुसती मशीन, हे जुनी मोटर बघून ठरतं. तुमची मोटर फिरतेय, त्यामुळे बहुधा नुसती मशीन पुरेल. पण तुमच्या गाडीसाठी ती वेगळी मिळते की नाही, हे कंपनीवर अवलंबून आहे. काउंटरवर चॅसी नंबर देऊनच विचारा, कारण एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत फरक निघतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. मोटरच्या कपलरमध्ये दोनच पिना असतील तर ती साधी मोटर, बाहेरून १२ व्होल्ट देऊन फिरवता येते. चार-सहा पिना असतील तर बहुधा तिच्या पोटातच कंट्रोलर आहे. अशा मोटरला थेट बॅटरीच्या वायरी लावल्या तर ती जागेवर जळू शकते.

आता प्रत्यक्ष काम. पॅड काढणं हे घाईने बिघडतं, तेव्हा सगळे स्क्रू आधी शोधा : हँडलच्या खाचेत, आतल्या उघडायच्या कडीच्या टोपणामागे, कधी आरशाजवळच्या तिकोनी तुकड्यामागे. स्क्रू निघाले की खालच्या कोपऱ्यातून प्लास्टिकची पट्टी घालून एक-एक क्लिप सोडवा. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटलं तर रंग जातो आणि क्लिपा तुटतात. दहा-बारा क्लिपा जास्तीच्या आणून ठेवा, एखाद-दुसरी तुटतेच. पॅड सुटलं तरी ओढू नका, मागे बटणांचे कपलर आणि कडीची केबल असते. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या.

पॅडमागे प्लास्टिकचा कागद काळ्या चिकट डिंकाने लावलेला असतो. तो फाडायचा नाही. सकाळी लवकर काम सुरू करा असं मी म्हणतो ते या डिंकासाठी. दुपारच्या उन्हात तो पाकासारखा ताणला जातो आणि हाताला, कागदाला, गादीला सगळीकडे लागतो. सकाळी सात वाजता तो सुरीने सरळ कापला जातो.

मग काच. दाराची काच बहुतेक गाड्यांत टेम्पर्ड, म्हणजे तापवून कडक केलेली असते. सपाट बाजूने ती दणकट असते, कडेला मात्र साधा टोला बसला तरी क्षणात तिचे हजार दाणे होतात. तिचे दोन बोल्ट किंवा क्लिपा सोडवा, हाताने पूर्ण वर न्या आणि बाहेरून आत, चौकटीवरून घेऊन चार रुंद टेपांनी बांधा. मी एकदा दोनच टेपा लावून चहाला गेलो होतो. परत आलो तेव्हा काच दाराच्या पोटात उतरली होती, तुकडे वेचायला संध्याकाळ गेली आणि नवीन काच माझ्या खिशातून आली. चार लावा, आणि दार ढकलू नका.

जुनी मशीन काढताना जाड हातमोजे घालाच. तुटलेल्या केबलचे तंतू खराट्याच्या काड्यांसारखे उभे असतात आणि बोटात सुईसारखे शिरतात. काही गाड्यांत मशीन १० च्या बोल्टने बसते, काहींत रिव्हेट असतात, ते ड्रिलने उडवावे लागतात. तुमच्याकडे रिव्हेट गन नसेल आणि दारात रिव्हेट दिसले तर तिथेच थांबून मेकॅनिकला बोलवा, त्यात कमीपणा नाही. मोटर नव्या मशीनवर चढवेपर्यंत चकरीवरची लॉकची क्लिप काढू नका, नाहीतर केबल स्प्रिंगसारखी उसळून सुटते आणि नवीन मशीन तिथेच वाया जाते.

बसवताना पट्टीचे बोल्ट आधी अर्धवटच कसा. काच स्लायडरला जोडा, कपलर लावा, पिवळा असेल तर तोही लावा, मग बॅटरी जोडून काच पूर्ण वर न्या. वर गेली की ती चौकटीत आपली जागा स्वतः शोधते. त्या स्थितीत पट्टीचे बोल्ट शेवटचे आवळा. हाताच्या पान्याने, बोल्ट आवळायच्या गनने नाही. आधीच आवळून टाकलं तर काच कायमची वाकडी चालते आणि आपण पुन्हा सक्करदऱ्याच्या गाडीपाशी येतो. पॅड लावायच्या आधी पाच-सहा वेळा वर-खाली करा, मध्ये मोटरला दम घेऊ द्या.

बॅटरी काढल्यामुळे काच आपली वरची-खालची हद्द विसरते. एका टचमध्ये वर जात नाही, किंवा अर्ध्यातून परतते. बहुतेक गाड्यांत पूर्ण खाली नेऊन बटण काही सेकंद धरायचं, मग पूर्ण वर नेऊन तसंच धरायचं. नेमका क्रम तुमच्या पुस्तकात दिलेला असतो, तोच करा. हे शिकवणं चालू असताना बोट अडकलं तर काच थांबेलच असं नाही, म्हणून मुलांना दूर ठेवा. झाल्यावर चौकटीत टॉवेलची गुंडाळी धरून बघा. तुमची काच एका टचमध्ये वर जाणारी असेल तर ती गुंडाळीला टेकली की थांबून खाली आली पाहिजे. ही चाचणी हाताने कधीही करू नका.

कागद पुन्हा चारही बाजूंनी दाबून चिकटवा. दाराच्या पोटात पावसाचं पाणी जातंच, ते जायचंच असतं, आणि खालच्या कडेच्या भोकांतून बाहेर पडतं. कागद नीट नसला तर तेच पाणी पायाखालच्या गालिच्यात उतरतं, आणि गालिच्याखाली वायरी व कपलर असतात. ती भोकं मातीने बुजलेली असतील तर सळई न घालता प्लास्टिकच्या काडीने मोकळी करा. बुजलेल्या भोकांमुळे दारात पाणी साचून पट्टी आणि मोटर गंजलेली मी दर पावसाळ्यात बघतो. बाकी तीन दारांचीही भोकं आणि चॅनल त्याच रविवारी साफ करून घ्या, अवजारं बाहेर आहेतच.

राहिला पार्ट येईपर्यंतचा प्रश्न. काचेची वरची कड दिसत असेल तर घरातल्या कोणालातरी सोबत घ्या, एकाने आतून, एकाने बाहेरून तळवे लावून काच सरळ वर ओढा. पूर्ण आत गेली असेल तर पॅड काढूनच ती वर येईल. वर आली की चौकटीवरून चार टेपा लावा आणि आतल्या बाजूला काच व रबराच्या फटीत पुठ्ठ्याची घडी घट्ट खोचा. टेप रोज संध्याकाळी तपासा, उन्हाने तिचा डिंक सुटतो. ड्रायव्हरच्या काचेला लॉकचं बटण लागू होत नाही, तेव्हा त्या काचेच्या बटणावर कागद चिकटवून ठेवा, म्हणजे घरातलं कोणी सवयीने दाबणार नाही. आणि ते दार या आठ दिवसांत हाताने धरूनच लावा.